जुन्या ठोकळ्यावर नवा ठोकळा बसला पाहिजे

डेन्मार्कमधल्या बिलुंड या छोट्या गावात १९५८ साली साच्यातून निघालेली लेगोची वीट आजच्या नव्या विटेवर घट्ट बसते. सहा दशकांहून जास्त काळ गेला, प्लास्टिक बदलले, रंग बदलले, कारखाने देशोदेशी गेले. बटणांचे अंतर मात्र हलले नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, तेव्हा बालवाडीच्या नव्या खरेदीची यादी करायचे दिवस आता आलेच. ती यादी करताना ही एक गोष्ट डोळ्यांसमोर असावी, अशी आमची इच्छा आहे.

यवतमाळ जिल्ह्यातल्या अनेक बालवाड्यांच्या कपाटांत ठोकळ्यांचा एकच डबा असतो आणि त्यात तीन-चार वेगवेगळ्या संचांचे अवशेष असतात. एक संच वणीहून आणलेला, एक पुसदच्या दुकानातला, एक कुणा देणगीदाराने दिलेला. एकाचे बटण दुसऱ्याच्या पोकळीत शिरत नाही. चार वर्षांच्या मुलीला हे कसे कळणार? ती दाबून पाहते, पुन्हा दाबते आणि ठोकळा टाकून उठते. ताई तिच्या वहीत ‘एकाग्रता कमी’ असे लिहितात. दोष मुलीचा नसतो, डब्याचा असतो. तीन संचांचे मिळून साठ ठोकळे असले, तरी मुलीच्या हाताला ते साठ नसतातच.

लेगोची पहिली वीट स्वतंत्र बुद्धीची नव्हती. हिलरी फिशर पेज या इंग्रज खेळणीकाराच्या ‘किडीक्राफ्ट’ विटांवरून ती १९४९ साली घडवली गेली. आतून ती पोकळ होती, त्यामुळे उंच भिंत डगमगायची. २८ जानेवारी १९५८ रोजी पेटंटसाठी दाखल झालेल्या रचनेत विटेच्या पोटात नळ्या आल्या आणि बटणांना घट्ट पकड मिळाली. आधीचे सेल्युलोज ॲसिटेट वाकायचे, त्याचे माप बिघडायचे. म्हणून १९६३ पासून एबीएस प्लास्टिक आले. आठ बटणांच्या, एकाच रंगाच्या सहा विटा किती प्रकारे जोडता येतात याचे गणित कोपनहेगन विद्यापीठातल्या गणितज्ञांनी मांडले आहे: ९१,५१,०३,७६५ प्रकारे. फक्त सहा विटा, त्याही सारख्या! वैविध्य हवे म्हणून निरनिराळ्या आकारांचे महागडे संच मागणाऱ्या प्रत्येकाने हा आकडा जरूर ध्यानात ठेवावा.

पुढे सुटे भाग वाढत गेले, आणि त्यातले काही खरोखर मोलाचे होते. १९६२ मध्ये चाके आली. चाक आले की आपल्याकडचे मूल बंडी करते, बंडीत कापूस भरते, ती धुऱ्यावरून वावरात नेते. भिंतीतून जी गोष्ट सुरू होत नाही ती चाकाने सुरू होते. १९६९ चा ड्युप्लो तर बालवाडीसाठीच जन्मला. त्याची लांबी, रुंदी, उंची नेहमीच्या विटेच्या दुप्पट, म्हणून तोंडात घालण्याचा धोका कमी, आणि तरीही तो लहान विटांशी जुळतो. वयाने मोठे होताना मुलाला आधीचे काही टाकून द्यावे लागत नाही. बालशिक्षणाच्या साधनात याहून मोठा गुण आम्हाला तरी माहीत नाही.

नंतर मात्र तोल गेला. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून प्रत्येक नव्या संचासाठी खास भाग घडू लागले: अख्खी भिंत एका तुकड्यात, अख्खे विमानाचे नाक एका तुकड्यात. सात-आठ वर्षांत सुट्या भागांची संख्या सुमारे सहा हजारांवरून बारा हजारांच्या वर गेली आणि कंपनी तोट्यात बुडाली. २००४ नंतर भागांची छाटणी झाली, मूळ विटेकडे परतणे झाले आणि कंपनी सावरली. एवढ्या श्रीमंत कारखान्याला जे पेलले नाही, ते आपल्या बालवाडीच्या तुटपुंज्या निधीला कसे पेलेल? ‘किल्ला संच’ आणि ‘विमानतळ संच’ यादीतून वगळा. साधे ठोकळे भरपूर घ्या, सोबत थोडी चाके.

रंगांची गोष्ट निराळी आहे. सुरुवातीला लाल, पांढरा, पिवळा, निळा असे मोजके रंग होते. १९७८ साली आलेल्या छोट्या माणसांचे चेहरे पिवळे ठेवले, ते कुठल्याच वंशाचे वाटू नयेत म्हणून. खऱ्या त्वचेचे रंग २००३ मध्ये बास्केटबॉलच्या संचापासून आले. २००४ मध्ये करडा रंग निळसर झाला, तेव्हा जुन्या करड्या भिंतीला नवा करडा शोभेना आणि जुने चाहते चिडले. त्यांची चीड रास्त होती. रंगही मापासारखाच जुळावा लागतो. आपल्या डब्यात चार रंग असोत, पण प्रत्येकाचे इतके ठोकळे असोत की मुलाला एका रंगाची पूर्ण भिंत उभी करता येईल. कोलामी, गोंडी किंवा बंजारा घरातून आलेले मूल रंगाला आपल्या बोलीतले नाव देते. ते नाव आधी ऐकून घ्यावे, मराठी नाव मागाहून द्यावे.

जुन्या प्लास्टिकबद्दल सावधही राहिले पाहिजे. १९७० च्या दशकातल्या काही लाल-पिवळ्या विटांमध्ये कॅडमियम असल्याचे प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवले आहे, म्हणून फार जुने दान आले तर ते शोभेला ठेवा, लहानांच्या हाती देऊ नका. नवे घेताना आयएसआय चिन्ह पाहा. १ जानेवारी २०२१ पासून ते खेळण्यांवर बंधनकारक आहे. धुतलेले ठोकळे उन्हात वाळवू नका. एबीएस उन्हाने पिवळे पडते आणि ठिसूळ होते, आणि आपले ऊन कसे असते ते वेगळे सांगायला नको.

पण आमचा खरा आग्रह लाकडासाठी आहे. १८३७ मध्ये पहिली बालवाडी काढणाऱ्या फ्रोबेलने मुलांना दिलेल्या ठोकळ्यांपैकी एका संचात आठ विटा होत्या, प्रत्येकीचे प्रमाण चारास दोन, दोनास एक. रंग दिलेला नव्हता. न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हेच प्रमाण घेऊन मोठे ठोकळे केले. ते जगभरच्या बालवाड्यांत आजही वापरात आहेत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला परिसरातल्या वस्तूंतून बालशिक्षण उभे केले. आपल्याकडे साग आहे, सुतार आहेत, आणि तान्ह्या पोळ्यासाठी चाकांवरचे नंदी घडवणारे हात आहेत. जे हात नंदीच्या पायाखाली चाके बसवतात, त्यांना १४ सेंटिमीटर लांब, ७ रुंद आणि साडेतीन जाड असा ठोकळा अवघड नाही. त्याच्या अर्ध्या लांबीचा एक आणि दुप्पट लांबीचा एक, बस. माप काटेकोर हवे, कारण एक ठोकळा दोन मिलिमीटरने चुकला की दहाव्या थराला मनोरा कलतो. कडा पॉलिशपेपरने गोल कराव्यात, रंग नको. घाण्याचे जवसाचे तेल पुरते. ते मुरून पूर्ण वाळायला बरेच दिवस लागतात, तोवर ठोकळे मुलांना देऊ नयेत. तेलाच्या चिंध्यांचा बोळा मात्र कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप पेटू शकतो. पाण्यात भिजवून मग फेका.

घाटंजी, केळापूर, झरी जामणी, उमरखेड, जिथे असाल तिथे यंदा नवा प्लास्टिकचा संच मागवण्याआधी गावच्या सुताराला हे माप दाखवा. अर्धे, पूर्ण आणि दुप्पट मिळून शंभर ठोकळ्यांना लाकूड किती लागले, मजुरी किती झाली आणि पहिल्या महिन्यात मुलांनी त्यांतून काय बांधले, ते आम्हाला लिहून पाठवा. आलेली पत्रे दिवाळी अंकाआधी छापू, म्हणजे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात प्रत्येक बालवाडीला एकाच मापाची मागणी करता येईल.