विश्लेषण : गोंडस ससा भीतीदायक का वाटतो?

ब्रिटनमध्ये १९७८ मध्ये ‘वॉटरशिप डाऊन’ हा सशांच्या कळपाची गोष्ट सांगणारा अ‍ॅनिमेशनपट प्रदर्शित झाला. तिथल्या मंडळाने त्याला ‘यू’, म्हणजे सर्वांनी पाहण्याजोगा, असे प्रमाणपत्र दिले. सशांचा चित्रपट म्हणून पालक मुलांना घेऊन गेले आणि पडद्यावर रक्तबंबाळ लढाया पाहून मुले घाबरली. तक्रारी अनेक वर्षे येत राहिल्या. अखेर २०२२ मध्ये हे प्रमाणपत्र बदलून ‘पीजी’, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा, असे करण्यात आले. पाळण्यावर टांगण्याजोगा हा प्राणी भयपटातही चपखल कसा बसतो?

गोंडसपणा येतो कुठून?

प्राणीवर्तनाचे अभ्यासक कोनराड लॉरेन्झ यांनी १९४३ मध्ये एक कल्पना मांडली. मोठे डोके, मोठे डोळे, फुगरे गाल आणि आखूड हातपाय दिसले की माणसाला तान्हे बाळ आठवते आणि माया दाटून येते. सशाकडे हे सारे आहे, शिवाय मऊ केस आणि सतत हलणारे नाक. बिअ‍ॅट्रिक्स पॉटर यांच्या १९०२ मधील पुस्तकातला निळ्या कोटातला पीटर रॅबिट, डिक ब्रुना यांची १९५५ मधील मिफी, २०१६ च्या ‘झूटोपिया’तली पोलीस जुडी हॉप्स ही सारी याच चेहऱ्याची पिलावळ. तरीही पॉटर यांनी वास्तव लपवले नव्हते. पीटरच्या वडिलांचे मॅकग्रेगर बाईंनी पाय केले, हे गोष्टीच्या सुरुवातीलाच कळते.

मग भीती कशाची?

ससा हे भक्ष्य आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळपास सभोवतालचे दिसते. पापण्या क्वचितच लवतात, कित्येकदा तो उघड्या डोळ्यांनीच झोपतो. आवाज जवळजवळ नाहीच. जीव जाण्याची वेळ आली तरच तो किंचाळतो. कुत्र्याची शेपटी किंवा मांजराचे गुरगुरणे माणसाला समजते, सशाचा चेहरा मात्र कोरा वाटतो. त्या कोऱ्या पाटीवर माणूस हवे ते लिहितो. दिवसा माया, रात्री भीती.

भयपटांचा अनुभवही हेच सांगतो. ‘नाइट ऑफ द लेपस’ (१९७२) मध्ये महाकाय ससे माणसांवर हल्ले करतात. प्रेक्षकांना हसू आले. ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ने (१९७५) तर नरडीचा घोट घेणारा पांढरा ससा विनोद म्हणूनच वापरला. उलट ‘डॉनी डार्को’ (२००१) मधला सशाच्या वेशातला फ्रँक नुसता उभा राहून जगाच्या अंताची वेळ सांगतो आणि अंगावर काटा येतो. जपानी यंत्रमानवतज्ज्ञ मासाहिरो मोरी यांनी १९७० मध्ये म्हटले होते, की जवळपास माणसासारखी, पण पूर्ण माणूस नसलेली गोष्ट अस्वस्थ करते. दोन पायांवर उभा, न हलणाऱ्या चेहऱ्याचा ससा नेमका तिथे बसतो. चाल करून येणारा ससा हास्यास्पद ठरतो. भिववतो तो गप्प राहून बघणारा ससा.

ही प्रतिमा नवी आहे का?

नाही. युरोपातील मध्ययुगीन हस्तलिखितांच्या समासांत धनुष्यबाण घेऊन शिकाऱ्याचीच शिकार करणारे ससे आढळतात. दुबळ्याने बलवानाला धडा शिकवावा, अशी ती उलट्या जगाची थट्टा. ब्रिटन-आयर्लंडच्या लोककथांत चेटकिणी रानसशाचे रूप घेत.

भारतीय गोष्टींत मात्र ससा क्वचितच भिववतो. पंचतंत्रात तो सिंहाला विहिरीत उडी मारायला लावतो, जातककथेत अतिथीसाठी स्वतःचा देह देऊ करतो, चंद्र त्याच्यामुळे ‘शशांक’ होतो. त्याच्या वाट्याला येणारी धावपळ मराठीने ‘ससेहोलपट’ या शब्दात साठवली आहे. आपल्या गोष्टींतला ससा बोलतो, त्यामुळे त्याचे मन कळते. ज्याचे मन कळते, त्याची धास्ती वाटत नाही.

खऱ्या सशाला याचा फटका कसा?

समाजमाध्यमांवर मांडीवर उताणा, निपचित पडलेल्या सशाच्या चित्रफिती ‘किती शांत!’ म्हणून फिरतात. प्रत्यक्षात ती शिकाऱ्याच्या तावडीत सापडल्यावर शरीर गोठण्याची प्रतिक्रिया असते. वेदना लपवणे हा भक्ष्य प्राण्याचा स्वभाव. त्यामुळे आजारी ससाही ‘गुणी’ दिसतो. त्याने खाणे थांबवले, तर काही तासांत पशुवैद्यकाकडे न्यावे लागते, हे अनेक मालकांना ठाऊक नसते. पाश्चात्त्य देशांत ईस्टरला हौसेने आणलेले ससे पुढे निवारा केंद्रांत येऊन पडतात, ही तर नेहमीची तक्रार.

सशाचा चेहरा खरोखर कोरा नाही. २०१२ मध्ये संशोधकांनी त्याची वेदना ओळखण्याची मोजपट्टी तयार केली. मिटू लागलेले डोळे, चपटे झालेले गाल, नाकपुड्यांचा बदललेला आकार, मिशा आणि कानांची ठेवण यांवरून ती समजते. म्हणजे ससा सांगत असतो, माणसाला वाचता येत नाही इतकेच. पडद्यावरच्या सशाला खुशाल गोंडस म्हणावे किंवा घाबरावे. त्याचे काही बिघडत नाही. घरी ससा आणण्याचा हट्ट धरणाऱ्या मुलाला मात्र आधी तो चेहरा वाचायला शिकवावे. एवढी सवड नसेल, तर कापसाचा ससा बरा.