दलाली कशाबद्दल?

राहते घर विकावयास निघालेल्या माणसाला पुण्या-मुंबईत आज एकच सल्ला मिळतो : ‘दलालाशिवाय या फंदात पडू नका.’ हा सल्ला इतका रूढ झाला आहे की, दलाली हे जणू मुद्रांक शुल्कासारखे कायद्यानेच लादलेले देणे आहे, अशी समजूत होऊन बसली आहे. वस्तुतः तसे काही नाही. म्हणूनच ही दलाली नेमकी कशाबद्दल द्यावयाची, हा प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

दलाल अधिक किंमत मिळवून देतो, हा पहिला युक्तिवाद. तो हिशेबाला टिकत नाही. एक कोटीच्या घरावर दोन टक्के दराने दलालाला दोन लाख मिळतात. मालकाने तीन महिने थांबून पाच लाख अधिक मिळविले, तर त्यातले दलालाच्या पदरी पडतात अवघे दहा हजार. तेवढ्यासाठी तो कशाला थांबेल? ‘आलेले गिऱ्हाईक सोडू नका’ असेच तो सांगणार. हा त्याचा दुष्टपणा नव्हे. व्यवहाराची रचनाच तशी आहे. शिवाय बहुधा तोच इसम खरेदीदाराकडूनही दलाली घेतो. एकाच वकिलाने वादी-प्रतिवादी दोघांचेही वकीलपत्र घेतले, तर आपण त्याला काय म्हणू?

भांडवलशाहीच्या माहेरघरी, अमेरिकेतही, निराळा अनुभव नाही. लेव्हिट व सिव्हरसन या अर्थशास्त्रज्ञांच्या २००८ सालच्या अभ्यासानुसार शिकागो परिसरातील दलालांनी स्वतःची घरे गिऱ्हाइकांच्या घरांपेक्षा सुमारे ३.७ टक्के अधिक किमतीस विकली, आणि त्यासाठी ते अधिक दिवस थांबलेही. मॅडिसन शहरासंबंधीच्या २००९ सालच्या अभ्यासात दलालांमार्फत विकलेल्या घरांना मालकांनी स्वतः विकलेल्या घरांपेक्षा अधिक किंमत आल्याचे दिसले नाही; विक्री लवकर झाली, एवढेच.

दुसरा युक्तिवाद कागदपत्रांचा. परंतु करारनामा वकील करतो, नोंदणी दुय्यम निबंधक करतो, सभासदत्वाचे हस्तांतरण गृहनिर्माण संस्था करते. मग दलालाचे भांडवल कोणते? माहिती! शेजारचे घर कोणत्या भावाने गेले, ही माहिती. आणि ही माहिती तर सार्वजनिक आहे. नोंदणी विभागाच्या सूची क्रमांक दोनमध्ये प्रत्येक नोंदणीकृत विक्रीचा मोबदला लिहिलेला असतो व तो कोणासही पाहता येतो. मात्र मोबदल्याचा काही भाग जेथे रोखीत फिरतो, तेथे ती नोंद खोटी ठरते आणि खरा भाव दलालाच्याच कानाशी राहतो. काळा पैसा हा दलालीचा एक भक्कम आधारस्तंभ आहे, तो असा.

कायदा येथे तोकडा पडतो. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने दलालांवर नोंदणीची सक्ती केली खरी. पण ती नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरती. जुन्या सोसायटीतील दोन खोल्या विकणारा निवृत्त कामगार या संरक्षणाच्या बाहेरच आहे. आयुष्याची सारी पुंजी ज्याच्या त्या चार भिंतींत आहे, त्यालाच कोणी वाली नाही!

तेव्हा ‘स्वतः विका आणि दलाली वाचवा’ एवढे सांगून आपण मोकळे व्हावे काय? ज्याला सवड आहे, शिक्षण आहे, ओळखी आहेत, त्याने जरूर तसे करावे. पण एकट्या राहणाऱ्या वृद्धेने रोज अनोळखी माणसांना दार उघडून भाव करावा, असे म्हणणे निर्दयपणाचे होईल. वैयक्तिक हुशारी हे सामाजिक प्रश्नाचे उत्तर नव्हे. उत्तर सहकारात आहे. प्रत्येक गृहनिर्माण संस्थेने विक्रीस असलेल्या घरांची वही ठेवावी, परिसरातील नोंदलेले भाव फलकावर लावावेत. संस्थांच्या संघाने पगारी माणूस नेमून घर दाखविण्याचे व कागदपत्रे जुळविण्याचे काम ठरावीक शुल्कात करून द्यावे. या धंद्यात नाइलाजाने उतरलेल्या बेकार तरुणांनाही त्यात सन्मानाचे काम मिळेल.

श्रमाचे मोल अवश्य द्यावे. परंतु सार्वजनिक माहिती अडवून वसूल केलेली टक्केवारी हे श्रमाचे मोल नव्हे, तो खंड आहे. आणि खंड खाणाऱ्या व्यवस्थेशी समाजवाद्यांचे भांडण जुने आहे.