माज चुकला की म्हैस गेली

पवई तलावाच्या पलीकडे आरे दुग्ध वसाहत आहे. मुंबईत विखुरलेले तबेले एका जागी आणण्यासाठी दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने १९४९ साली ती उभी राहिली. सुमारे १६ हजार म्हशींची सोय तिथे झाली. हरियाणाची मुऱ्हा, गुजरातची जाफराबादी, मेहसाणा अशा निवडक म्हशी व्याल्यावर मुंबईत यायच्या आणि दूध आटले की खाटकाकडे जायच्या. चांगल्या वाणाचा हा नाश मुंबईच्या तबेल्यांचे जुने दुखणे आहे. जागा महाग, चारा महाग. भाकड म्हैस पोसायची कोणी? पण तीच म्हैस वेळेत गाभण राहिली असेल तर तिला सांभाळण्यात अर्थ असतो. म्हणून सगळा प्रश्न माजाशी येऊन थांबतो.

माज बाहेर दिसतो, पण घडतो अंडाशयात. तिथे पाण्याने भरलेला एक फोड वाढतो, त्याला पुटिका म्हणतात. तिच्यातल्या पाण्यात प्रथिने असतात. काही रक्तातून झिरपतात, काही पुटिकेच्या पेशी स्वतः बनवतात. त्यातले इनहिबिन नावाचे प्रथिन मेंदूखालच्या ग्रंथीला निरोप देते, त्यामुळे बाकीच्या पुटिका मागे पडतात. पुढे त्या ग्रंथीतून एलएच नावाचे प्रथिन एकदम सुटते, पुटिकेची भिंत विरघळवणारी प्रथिने कामाला लागतात आणि बीज बाहेर पडते.

या गोष्टीचा अभ्यास घोडीत खूप झाला आहे, कारण तिची पुटिका ४० मिलिमीटरपर्यंत वाढते आणि सोनोग्राफीत ठळक दिसते. म्हशीची जेमतेम १२ ते १५ मिलिमीटर. क्रम दोघींत साधारण सारखा, वेळ मात्र वेगळी. घोडीचा माज पाच-सात दिवस चालतो आणि तो संपायच्या एक-दोन दिवस आधी बीज सुटते. म्हशीचा माज एखादाच दिवस टिकतो आणि बीज सुटते माज संपल्यावर. शिवाय म्हशीचा माज बहुधा रात्री किंवा पहाटे, पुष्कळदा मुका. दावणीला बांधलेली म्हैस काय दाखवणार?

गाभण घोडीच्या रक्तातून मिळणारे पीएमएसजी हे प्रथिन माजावर न येणाऱ्या म्हशींना इंजेक्शनने देतात. पण ते तपासणी करून, डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यायचे. उपाशी, क्षार कमी पडलेल्या म्हशीला नुसती सुई टोचून उपयोग नाही.

एक माज चुकला की २१ दिवस गेले. दोन-तीन माज चुकले की दूध आटेपर्यंत म्हैस रिकामीच राहते. मग सौदा ठरलेलाच. म्हणून तबेलेवाल्यांनी आणि शेतकरी बंधूंनी एवढे करावे:

पहाटे आणि रात्री प्रत्येक म्हैस पाहावी. काचेसारखा चिकट सोट, वारंवार लघवी, कमी झालेले दूध, ओरडणे या खुणा वहीत तारखेसह लिहाव्यात. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे. व्याल्यापासून दोन-तीन महिन्यांत म्हैस माजावर आली नाही तर डॉक्टरांना दाखवावी. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी गाभ तपासून घ्यावा.

आता गावच्या कारभाऱ्यांसाठी. गाभण भाकड म्हैस मुंबईत ठेवणे परवडत नसेल, तर ठाणे-पालघरच्या खेड्यांत ती सांभाळता येते. चारा आणि मजुरी गावाला मिळेल, म्हैस आणि पारडी वाचेल. कोणत्या गावात चारा आहे, कोण सांभाळायला तयार आहे, याची यादी ग्रामपंचायत अधिकारी व पशुधन विकास अधिकाऱ्यांनी मिळून करावी. त्यासाठी नवी योजना येण्याची वाट पाहायला नको. म्हशीच्या पोटातला काळ आपल्या फायलींसाठी थांबत नाही.