व्हॉल्व्हचं सोवळं

जिथे कला आली तिथे मागोमाग सोवळं येतंच. तंबोरा मिरजेचाच हवा, इलेक्ट्रॉनिक तानपुरा लावला की नाक मुरडायचं. आमच्या पेटीचंच बघा ना. संगीत नाटकं जिच्या आधारावर उभी राहिली, त्या पेटीला १९४० साली रेडिओनं दार बंद केलं. का, तर तिच्यातून मींड निघत नाही आणि ती परदेशी. ही बंदी तीसेक वर्षं टिकली. पेटी वाजवणारे मात्र वाजवत राहिले, आणि आज रेडिओ केंद्रातला तो कागद कुणाला आठवतही नाही.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आजकाल मेटल वाजवणाऱ्या पोरांमध्ये दिसलेलं तेच सोवळं. हो, मेटलच! माझ्या वयाच्या बाईनं मेटलबद्दल लिहावं याचं ज्यांना हसू येतंय त्यांनी खुशाल हसून घ्यावं. घरात नातू चार वर्षं गिटार वाजवतोय, त्यामुळे कान आपोआप तयार झाले. आणि 'हा नुसता गोंगाट' असं म्हणणाऱ्या माझ्या समवयस्कांशी मला आज भांडायचं नाही. भांडायचंय ते आतल्या लोकांशी. 'ट्यूबचा ॲम्प नसेल तर ते मेटलच नव्हे' असं सांगणाऱ्यांशी.

ट्यूब म्हणजे आमच्या लहानपणचा व्हॉल्व्ह. बटण फिरवल्यावर मिनिटभर थांबायचं, आत तांबूस उजेड दिसायचा आणि मग बातम्या ऐकू यायच्या, तोच. ट्रान्झिस्टर आला तेव्हा आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता त्याच व्हॉल्व्हची पूजा मांडलेली पाहून गंमत वाटते. पण गंमत संपते ती किंमत ऐकल्यावर. नातवाला त्याच्यापेक्षा मोठ्या वादकांनी सांगितलं, 'तुझा ॲम्प खेळणं आहे रे, चांगलं शंभर वॉटचं हेड घे, चारही बाजूंनी उपयोगी पडेल.' म्हणजे लाखाच्या वरचा खर्च. मुलानं तीन आठवडे गिटारला हात लावला नाही आणि सून मुदतठेव मोडायला निघाली. तेव्हा म्हटलं, आता हा विषय मुळापासून समजून घ्यायला हवा.

मी इतिहास आणि मराठी शिकवलं, विज्ञान नव्हे. तरी समजलं ते सोप्या शब्दांत सांगते. गिटारच्या तारेतून निघणारा विद्युतसंदेश अगदी क्षीण असतो. तो वाढवणं म्हणजे गेन. शाळेच्या गॅदरिंगला कुणी माईक तोंडात घालून ओरडलं की लाउडस्पीकर 'फाटतो', आठवतं? यंत्राला झेपेल त्यापेक्षा जास्त मागितलं की आवाजाच्या लाटेचं टोक कापलं जातं. त्यातून मूळ सुरात नसलेले वरचे स्वर तयार होतात, लहानमोठा आवाज एका पातळीवर येतो आणि सूर लांबतो. गॅदरिंगमध्ये जो दोष, तोच मेटलमध्ये गुण. हाय-गेन ॲम्प म्हणजे हा फाटणारा आवाज ताब्यात ठेवून देणारं यंत्र. बस्स, इतकंच.

आता इतिहास. तो माझा प्रांत. जिम मार्शल या ड्रम वाजवणाऱ्या दुकानदारानं १९६२ साली पश्चिम लंडनमध्ये आपला पहिला ॲम्प आणला, तोही अमेरिकेतल्या फेंडर कंपनीच्या बासमनवर बेतलेला. त्या काळच्या ॲम्पमधून फाटका आवाज हवा असेल तर तो प्रचंड मोठ्यानं वाजवावा लागे, कारण शेवटच्या टप्प्यातले मोठे व्हॉल्व्ह थकल्याशिवाय आवाज फाटायचाच नाही. शंभर वॉटचा दरारा तिथून आला. पण पुढे काय झालं? सुरुवातीच्या टप्प्यातच छोटे व्हॉल्व्ह एकापुढे एक लावून आवाज फाडायचा आणि एकूण मोठेपणा वेगळ्या बटणानं ठरवायचा, ही युक्ती आली. १९९२ साली पीव्ही कंपनीनं एडी व्हॅन हेलनसोबत काढलेला ५१५० हा याच पद्धतीचा. त्याची ताकद १२० वॉट, पण त्याचा तो प्रसिद्ध दात-ओठ खाणारा आवाज येतो पुढच्या छोट्या व्हॉल्व्हमधून. म्हणजे मेटलचा आवाज आणि ॲम्पचा मोठेपणा यांची फारकत खुद्द व्हॉल्व्हवाल्यांनीच तीस वर्षांपूर्वी करून ठेवली. मग आज अठरा वर्षांच्या मुलाला शंभर वॉट कशाला हवेत?

वॉटचा हिशेबही सांगते, कारण इथे भलेभले फसतात. पन्नासाचे शंभर वॉट केले की आवाज दुप्पट होत नाही, फक्त तीन डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दसपट वॉट लागतात. गिटारचा चांगला स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावर, शंभराच्या आसपास डेसिबल देतो. आणि आपल्याकडच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागाची मर्यादा आहे दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. म्हणजे एक वॉटसुद्धा आपल्या सोसायटीला जड! शंभर वॉटचा ॲम्प दोन खोल्यांच्या घरात म्हणजे शिंप्याच्या दुकानात बांधलेला हत्ती. तो कायम पहिल्या आकड्याच्याही खाली चालवायचा, आणि तिथे बरेच ॲम्प निर्जीव वाटतात. बरं, हेडफोन लावून वाजवावा म्हटलं तर साध्या व्हॉल्व्ह ॲम्पला स्पीकर किंवा तसा भार जोडल्याशिवाय चालवणंच धोक्याचं, आतला ट्रान्सफॉर्मर जळू शकतो.

'पण काकू, आवाजाची जात वेगळी असते,' असं मला एकानं सुनावलं. जात हा शब्द त्यानं सहज वापरला, मला मात्र तो बरोब्बर वाटला. सोवळ्याचा युक्तिवाद शेवटी तिथेच जातो. मी त्याला तीन उदाहरणं दिली. पँटेरा या टेक्सासच्या बँडचा डाइमबॅग डॅरेल. १९९२च्या 'व्हल्गर डिस्प्ले ऑफ पॉवर'मधला तो करवतीसारखा आवाज रँडल कंपनीच्या ट्रान्झिस्टर ॲम्पचा. दुसरं, स्टॉकहोमच्या एंटूम्ड बँडचा १९९०चा 'लेफ्ट हँड पाथ'. त्या आवाजाचा जीव बॉस कंपनीच्या एचएम-२ नावाच्या छोट्या पेडलमध्ये आहे. तिसरं, मेटॅलिका. ८ डिसेंबर २०१३ला त्यांनी अंटार्क्टिकावर कार्यक्रम केला तेव्हा रंगमंचावर आवाज ओकणारे ॲम्प नव्हतेच, श्रोत्यांनी तो हेडफोन लावून ऐकला. यातलं मेटल नव्हे ते कोणतं, तेवढं सांगा. उत्तर अजून आलेलं नाही.

व्हॉल्व्हमध्ये काहीच नाही असं मी म्हणत नाही. तारेवर बोट हलकं पडलं की जोरात, हे तो ॲम्प ओळखतो, त्याला एक लवचीकपणा असतो, हे नातूही मान्य करतो. ज्याचा बँड आहे, दर महिन्याला मंच आहे, सामान उचलायला माणसं आहेत, त्यानं जरूर घ्यावा. पण कुणाला तो अमेरिकेतल्या मामाकडून मागवायचा असेल तर लक्षात ठेवा, तिकडची वीज १२० व्होल्टची आणि इकडची २३०ची. वेगळा ट्रान्सफॉर्मर आलाच. आणि व्हॉल्व्ह झिजतात, ते बदलावे लागतात, हा खर्च दुकानदार पहिल्या दिवशी सांगत नाही.

मग 'सर्वगुणी' ॲम्प निवडायचा तरी कसा? माझ्या मते प्रश्न असा विचारावा, की हा ॲम्प मला रोज किती तास वाजवू देईल? गेन कितीही असो, आधी स्वच्छ आवाज ऐकावा, कारण मेटलच्या बऱ्याच गाण्यांची सुरुवात स्वच्छ तारांनी होते. मग खालच्या पट्टीत लावलेल्या गिटारवर तळहातानं दाबून भरभर वाजवावं. प्रत्येक ठोका वेगळा ऐकू आला तर ठीक, चिखल झाला तर ॲम्प परत ठेवावा. मधले स्वर पार काढून टाकले की घरी आवाज भारी वाटतो, पण ड्रम आणि बासबरोबर गिटार गायब होते. गेनही तिखटासारखा, थोडा कमीच बरा. हेडफोनची सोय असावी आणि वॉट कमी करता यावेत. बॉस कंपनीच्या कटाना ५० ला अर्ध्या वॉटवर चालवायची सोय आहे, आत बारा इंची स्पीकर आहे आणि किंमत त्या हेडच्या मानानं फार कमी. तेवढेही पैसे नसतील तर संगणकावर चालणारं न्यूरल ॲम्प मॉडेलर चक्क फुकट आहे. नामांकित ॲम्पचे आवाज लोकांनी नोंदवून वाटलेत. गिटार जोडायचा एक छोटा इंटरफेस तेवढा लागतो. फक्त स्पीकरच्या पेटीची नक्कल सुरू ठेवा, नाहीतर माशी घोंगावल्यासारखं ऐकू येईल, आणि सोवळेवाल्यांना आयतंच कोलीत मिळेल.

आणि ज्यांना अजूनही खात्री आहे त्यांनी पडदा लावून दोन्ही ॲम्प ऐकावेत. अट एकच, दोन्हींचा मोठेपणा आधी सारखा करून घ्यावा. कारण जरा मोठा आवाज कानाला नेहमीच चांगला वाटतो आणि बरेच निकाल तिथेच लागतात.

मंडळी, खरा राग मला ॲम्पचा नाही. आमच्याकडे एकलव्याची गोष्ट सगळे सांगतात, पण अंगठा मागणाऱ्याच्या बाजूनं उभे राहतात. या संगीताचा पाया घालणारा टोनी आयोमी बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. सतराव्या वर्षी यंत्रात सापडून त्याच्या दोन बोटांची टोकं गेली, तीही तारा दाबायच्या हाताची. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या आणि १९७० साली ब्लॅक सॅबथची पहिली तबकडी काढली. 'नियमात बसत नाही' म्हणून तो थांबला असता तर आज हे सोवळं पाळायला मेटलच उरलं नसतं. ज्या कलेचा जन्म बाटलीच्या प्लास्टिकमधून झाला, तिच्या दारात उभं राहून पोरांना 'तुझ्याकडे लाखाचं यंत्र आहे का' असं विचारणं मला तरी शोभादायक वाटत नाही.

आमच्या घरची मुदतठेव मोडली नाही. मुलगा रोज वाजवतो. शेजाऱ्यांची तक्रार नाही.