टायटॅनिकमधून वाचलेला टेनिसवीर

टायटॅनिक जहाजाची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहेच. पण त्या जहाजावर पुढे अमेरिकेचा टेनिस विजेता झालेला एक तरुण होता, हे तुम्ही ऐकलंय का? त्याचं नाव रिचर्ड नॉरिस विल्यम्स.

रिचर्डचा जन्म १८९१ साली जिनिव्हात झाला. आईवडील अमेरिकन. एप्रिल १९१२ मध्ये २१ वर्षांचा रिचर्ड वडिलांसोबत अमेरिकेला निघाला. हार्वर्डमध्ये शिकायचं आणि टेनिस खेळायचं, असं ठरलं होतं. पण १५ एप्रिलच्या पहाटे जहाज बुडालं. धुराडं कोसळलं आणि वडील त्याच्या डोळ्यांदेखत गेले.

रिचर्ड पोहत एका अर्धवट बुडालेल्या बोटीपर्यंत पोहोचला. गुडघाभर बर्फगार पाण्यात तो कित्येक तास तग धरून होता. कार्पेथिया जहाजाने त्याला वर घेतलं, तेव्हा पाय पार गारठून बधिर झाले होते. डॉक्टरांनी पाय कापण्याचा सल्ला दिला. रिचर्डने नकार दिला. दर दोन तासांनी तो उठायचा आणि चालायचा. दिवस असो की रात्र!

हळूहळू पायांत जीव आला. त्याच वर्षी मेरी ब्राऊनच्या साथीने त्याने अमेरिकेची मिश्र दुहेरी जिंकली. १९१४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत त्याच्यासमोर कार्ल बेर होता. तोही टायटॅनिकमधूनच वाचलेला! रिचर्डने त्याला हरवलं आणि अंतिम सामन्यात मॉरिस मॅकलॉफ्लिनला नमवून तो अमेरिकेचा विजेता झाला. १९१६ मध्ये पुन्हा तोच मान.

पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये लढला. फ्रान्सने त्याला शौर्याचा सन्मान दिला. १९२० मध्ये विम्बल्डनची दुहेरी जिंकली. १९२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये घोटा दुखावलेला असूनही त्याने हेझल वाइटमनबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्णपदक पटकावलं. त्यानंतर टेनिस ऑलिम्पिकमधून गेलं, ते थेट १९८८ मध्ये परतलं!

डॉक्टरांचं ऐकू नका, असा याचा अर्थ मुळीच नाही बरं का. रिचर्डच्या नशिबाने साथ दिली, हेही खरं. पण वडील गमावलेल्या त्या रात्रीनंतर त्याने पुढच्या आयुष्याचा विचार एकदम केला नाही. फक्त पुढच्या दोन तासांचा केला. तुमच्यावरही कधी डोंगर कोसळला, तर एवढंच करा. उठा आणि चार पावलं चाला. पुढची चार नंतर बघू.