पाचापैकी पाच

बँकेतल्या कारकुनाला कोणी ‘मान्यवर’ म्हणत नाही. काउंटरपलीकडून येणारी विशेषणं वेगळी असतात. त्यामुळे २०२३ साली साताऱ्याच्या माझ्या जुन्या कॉलेजातून ‘मान्यवर माजी विद्यार्थी’ असा मायना लिहिलेलं पत्र आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं आणि बायकोला तीनदा वाचून दाखवलं. तिने एवढंच विचारलं, “वर्गणी किती मागितलीय?”

वर्गणी नव्हती. नॅक होतं.

नॅक म्हणजे राष्ट्रीय मूल्यांकन व अधिमान्यता परिषद. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९९४ साली स्थापन केलेली, मुक्काम बेंगळुरू. सात निकष लावून ती चारापैकी गुण देई, ३.५१ गाठले की ‘ए प्लस प्लस’. आमच्या शिवाजी विद्यापीठाने २०२१ साली ३.५२ मिळवले. काठावर खरे, पण वरच्या काठावर! कोल्हापूर, सांगली, सातारा तिन्ही जिल्ह्यांना आपणच पास झाल्यासारखं वाटलं.

तर मी सांगलीहून एसटीने साताऱ्याला गेलो. तिथे माझा एक वर्गमित्र प्राध्यापक आहे. तो फायलींच्या ढिगाआडून डोकं वर काढून म्हणाला, “ये गड्या, सीओ-पीओ मॅपिंग चाललंय.” आमच्या बँकेत पीओ म्हणजे प्रोबेशनरी ऑफिसर, वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि अधिकाराने मोठा. त्याचं मॅपिंग करणार असतील तर मी मदतीला तयार होतो.

पण इथले अर्थ वेगळे. सीओ म्हणजे कोर्स आउटकम, एक विषय शिकल्यावर मुलाला काय यायला हवं. पीओ म्हणजे प्रोग्रॅम आउटकम, पदवी घेऊन बाहेर पडताना काय यायला हवं. कल्पना शहाणपणाची आहे, हे मी मान्य करतो. २००१ साली मी बी.कॉम. झालो तेव्हा आमचा आउटकम एकच होता, पास होणे.

“मग आलं की नाही ते कसं कळतं?” मी विचारलं.

“ठरलेल्या टक्के मुलांना ठरलेले मार्क पडले की साध्य झालं.”

“टक्के कोण ठरवतं?”

“आम्हीच.”

“आणि अंतर्गत परीक्षेचा पेपर?”

“आम्हीच काढतो, आम्हीच तपासतो.”

“आणि नाही साध्य झालं तर?”

“कारणं लिहायची, उपाय लिहायचे. नाहीतर पुढच्या वर्षी टार्गेट जरा खाली आणायचं. तू फॉर्म भर बघू.”

फॉर्ममध्ये प्रश्न होता, ‘या अभ्यासक्रमामुळे तुमची नैतिक मूल्ये किती वाढली?’ पाचापैकी गुण द्यायचे. मी चार दिले. एक गुण खिशातल्या बँकेच्या पेनासाठी राखून ठेवला. मित्र म्हणाला, “पाच कर की लेका, सरासरी खाली येतीय.” मी पाच केले. म्हणजे माझी नैतिक मूल्यं खोटं बोलून पूर्ण वाढली. वर कंदी पेढ्यांचा बॉक्स मिळाला.

हसून सोडून दिलं असतं. पण माझा भाचा त्याच कॉलेजचा. २०२२ साली बी.कॉम. झाला, फर्स्ट क्लास. सांगलीत आमच्याकडे राहून मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात लागला. पहिल्याच आठवड्यात मालकाने कीर्द पुढे सरकवली. अकाउंट्समध्ये ७१ मार्क मिळवलेल्या आमच्या पोराला जमा कुठली आणि नावे कुठली, हे ठरवता येईना. त्या रात्री तो जेवला नाही. “मामा, मला काहीच येत नाही हो,” एवढंच म्हणाला. पुढे दुकानाच्या म्हाताऱ्या दिवाणजींनी त्याला पंधरा दिवसांत तयार केलं. दिवाणजींचं नॅक झालेलं नाही.

कॉलेजचा फॉर्म त्यालाही आला होता. त्याने सगळीकडे पाच दिले. का? “सर चांगले होते, मामा.”

सर चांगलेच आहेत, तेच तर दुखणं आहे. माझ्या मित्राने निघताना हळूच सांगितलं, “फाइल पूर्ण झाली, पण दोन युनिटं शिकवायची राहिली बघ.” फायलीत त्या युनिटांचाही आउटकम साध्य झालेला होता.

बँकेत आम्ही कितीही कामचुकार असलो तरी एक नियम पाळतो. व्हाउचर लिहिणारा एक, पास करणारा दुसरा. स्वतः लिहिलेलं स्वतःच पास करणाऱ्याला आमच्याकडे साध्यता नव्हे, सस्पेन्शन मिळतं. आणि आमचा इन्स्पेक्टर न सांगता येतो. आल्या आल्या वह्या बाजूला सारून तिजोरीतली रोकड मोजतो. कॉलेजला तपासनीस येणार हे महिनोन् महिने आधी ठाऊक असे. भिंतींना रंग लागे, फायलींना लेबलं लागत, आणि रोकड, म्हणजे तो पोरगा, मोजायची राहून जाई. फेब्रुवारी २०२५ मध्ये चांगल्या श्रेणीसाठी लाच घेतल्याच्या आरोपावरून सीबीआयने नॅकच्या पाहणी समितीच्या अध्यक्षांना आणि सदस्यांना अटक केली. खरंखोटं कोर्ट ठरवील. पण श्रेणीला एवढा भाव आला, की तिचा काळाबाजार व्हायला वेळ लागत नाही.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९४७ साली कॉलेज काढलं. ‘कमवा आणि शिका’ हा त्यांचा मार्ग होता. मुलगा काम करून शिकतो आहे, हे डोळ्यांना दिसत असे. त्याला तक्ता लागत नसे.

माझी मागणी कारकुनी आहे. पदवीनंतर दोन वर्षांनी दहा मुलं चिठ्ठ्या टाकून निवडा. परक्या गावच्या माणसाला त्यांच्यासमोर बसवा. त्याने एक कीर्द पुढे ठेवावी आणि विचारावं, “यातलं काय येतं?” जे येत नसेल ते पुढच्या वर्षी शिकवा. आणि ज्यांनी शिकवायचं, त्यांच्या हातातल्या फायली काढून घ्या.

भाचा आता दुकानाचा जमाखर्च एकहाती बघतो. परवा त्याने माझं घरखर्चाचं पुस्तक तपासलं. चाळीस रुपयांची चूक निघाली. मी म्हटलं, “जाऊ दे रे, पाचापैकी पाच दे.”

“नाही मामा,” तो म्हणाला, “आधी टॅली होऊ द्या.”