मानद चिटणीस

ग्रंथालय संघाचं चिटणीसपद ही काही भांडून मिळवावी अशी जागा नव्हे. पगार नाही, भत्ता नाही. वर्गणीसाठी सभासदांच्या मागे लागायचं, सभेसाठी फुकटात मिळेल असा हॉल शोधायचा, इतिवृत्त लिहायचं, पाहुण्यांना स्टेशनवरून आणायचं आणि सभेला वीसच माणसं जमली तर वक्त्याची समजूतही आपणच घालायची. नवा चिटणीस निवडायची वेळ आली की सगळेजण एकदम मान खाली घालून कार्यक्रमपत्रिका वाचायला लागतात!

१९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ स्थापन झाला, तेव्हा या खुर्चीवर एक गृहस्थ येऊन बसले आणि मद्रास सोडेपर्यंत उठले नाहीत. शियाळी रामामृत रंगनाथन हे त्यांचं नाव. ग्रंथालयशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ते पाठ असतं. त्यांचे पाच सिद्धांत, त्यांची वर्गीकरणाची पद्धत, सगळं परीक्षेत येतं. पण या माणसानं एका प्रांताची संघटना कशी चालवली, ही हकिगत परीक्षेत येत नाही. आणि तुमच्या-आमच्या वाचनालयाशी जास्त संबंध आहे तो या हकिगतीचाच.

रंगनाथन मुळात ग्रंथपाल नव्हतेच. ते मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात गणित शिकवत. १९२४ च्या जानेवारीत ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि काही दिवसांतच कंटाळले. दिवसभर बोलायला माणूस नाही, समोर फक्त कपाटं. ते कॉलेजात परत गेले आणि आपली जुनी जागा द्या म्हणाले. त्यांना सल्ला मिळाला, की आधी इंग्लंडला जाऊन शिकून या, मग ठरवा. तिथे त्यांनी शंभराच्या वर ग्रंथालयं पाहिली. कामगार, गृहिणी, शाळकरी पोरं सगळी वाचनालयात येतात आणि हवं ते पुस्तक घेऊन जातात, हे दृश्य त्यांनी पाहिलं आणि गणित कायमचं सुटलं. १९२५ मध्ये ते परतले ते ग्रंथपाल म्हणूनच.

विद्यापीठाचं ग्रंथालय त्यांनी सुधारलं. पण एक माणूस फार तर एक ग्रंथालय सुधारील. तालुक्याच्या गावी जे वाचनालय आहे, त्याचं काय? तिथला ग्रंथपाल म्हणजे किल्ल्या सांभाळणारा कारकून. पुस्तक हरवलं तर पगारातून कापलं जाईल या धास्तीनं तो कपाट उघडायचाच नाही. यासाठी संघ हवा होता.

संघांचा नेहमीचा शिरस्ता म्हणजे आधी मोठी परिषद भरवायची, ठराव करायचे आणि फोटो काढून घरी जायचं. मद्रासनं दुसराच मार्ग धरला. १९२९ च्या उन्हाळ्यात संघानं ग्रंथपालनाचा वर्ग उघडला. सुट्टी असल्यामुळे शिक्षकांना येता यायचं. कायदा नाही, पैसा नाही, निदान शिकलेली माणसं तरी तयार असोत, हा त्यातला हिशेब. दोनच वर्षांत, १९३१ मध्ये, हा वर्ग विद्यापीठानं आपल्याकडे घेतला आणि १९३७ पासून तो वर्षभराचा पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम झाला. संघटनेनं सुरू केलेलं काम दुसऱ्या भक्कम संस्थेच्या हाती सोपवायचं आणि नाव कुणाचं लागतंय याची फिकीर करायची नाही, ही गोष्ट संघटनेत काम केलेल्या कुणालाही विचारा, सोपी नसते.

शिकवायचं म्हणजे तत्त्व हवं. सगळ्या नियमांच्या मुळाशी एकच गोष्ट काय असेल, यावर रंगनाथन डोकं शिणवत होते. त्यांचे गणिताचे जुने गुरू, मद्रास ख्रिश्चन कॉलेजचे एडवर्ड रॉस भेटले. सगळं ऐकून घेऊन ते सहज म्हणाले, की पुस्तकं वापरण्यासाठी असतात, एवढंच ना तुला म्हणायचंय? तोच पहिला सिद्धांत ठरला. पाच सिद्धांतांचं ते पुस्तक १९३१ मध्ये निघालं. प्रकाशक कोण, तर मद्रास ग्रंथालय संघ. एका प्रांतिक संघाच्या छोट्या प्रकाशनमालेतलं हे पुस्तक पुढे देशोदेशी वाचलं गेलं. त्याची प्रस्तावना सर पी. एस. शिवस्वामी अय्यर यांची. चिटणिसानं नामवंत कायदेपंडितांना संघाच्या कामात ओढलं होतं, ते उगाच नव्हे. पुढची लढाई कायद्याची होती.

त्याच वर्षी ऑक्टोबरात तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीहून एक बैलगाडी निघाली. गाडीत पुस्तकांची कपाटं. गावोगावी थांबायचं, पुस्तकं द्यायची, आधीची परत घ्यायची. कनकसभै पिळ्ळै नावाच्या गृहस्थांनी हे फिरतं वाचनालय उभं केलं. खेड्यातली माणसं कुठे वाचतात, असं म्हणणाऱ्यांना हे बैल पुरेसं उत्तर होतं.

कायद्याचं मात्र बैलगाडीपेक्षाही हळू चाललं. १९३० मध्ये बनारसच्या शिक्षण परिषदेत रंगनाथन यांनी ग्रंथालय कायद्याचा नमुना मांडला. गावातलं वाचनालय कुणा दात्याच्या मर्जीवर चालू नये, त्याला कराचा आधार हवा, हे त्याचं सार. याच करानं घात केला. बंगालमध्ये कुमार मुनींद्र देव राय यांनी विधेयक आणायची खटपट केली, तर सक्तीच्या कराच्या कलमावरून परवानगीच मिळाली नाही. मद्रासमध्ये १९३३ साली बशीर अहमद सईद यांनी विधेयक मांडलं, तेही मार्गी लागलं नाही. मग निवडणुका आल्या, नवं मंत्रिमंडळ आलं, महायुद्ध सुरू झालं, मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. दरवेळी नव्या माणसाला पहिल्यापासून सगळं समजावून सांगायचं!

या काळात रंगनाथन सुट्टी घेत नसत. लग्नाच्या दिवशीही दुपारी ते ग्रंथालयात हजर होते, असं सांगतात. ग्रंथपालांच्या मेळाव्यात हा किस्सा कौतुकानं रंगवला जातो. घरच्यांच्या बाजूनं पाहिलं तर तो तितकासा कौतुकाचा वाटत नाही. पुढे त्यांनी साठवलेले एक लाख रुपये मद्रास विद्यापीठाला दिले, ग्रंथालयशास्त्राच्या अध्यासनासाठी. अध्यासनाला नाव दिलं ते पत्नीचं, शारदा यांचं. आणखी एक गोष्ट खटकते. एकच माणूस सतरा वर्षं चिटणीस राहतो, तेव्हा बाकीच्यांना हात झटकायची सवय लागते. हा दोष मद्रासचाच असं नाही. कुठल्याही गावातल्या मंडळाचं दप्तर उघडून पाहावं, एकाच हस्ताक्षराची पानंच्या पानं सापडतील.

१९४५ मध्ये रंगनाथन यांनी मद्रास सोडलं. बनारस हिंदू विद्यापीठात जाऊन त्यांनी सुमारे एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण जवळपास एकट्यानं केलं, तिथून ते दिल्लीला गेले. आणि ते गेल्यावर तीन वर्षांनी, शिक्षणमंत्री टी. एस. अविनाशलिंगम चेट्टियार यांच्या पुढाकारानं, १९४८ चा मद्रास सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. स्वतंत्र भारतातला असा हा पहिला. जिल्ह्याजिल्ह्याला ग्रंथालय प्राधिकरण, घरपट्टीवर छोटासा उपकर, आणि मद्रास शहर वगळता जेवढा उपकर जमेल निदान तेवढीच भर सरकारची. रंगनाथन यांना हवं होतं ते सगळं मिळालं नाही. ग्रंथालयांसाठी वेगळा संचालक न नेमता ते काम शिक्षण खात्याच्या संचालकाकडेच सोपवलं गेलं. पण ज्या कलमासाठी अठरा वर्षं घालवली, ते कराचं कलम टिकलं.

मराठी मुलखात कोल्हापूर संस्थानानं १९४५ मध्येच आपला ग्रंथालय कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ चा. त्यात उपकर नाही. अ, ब, क, ड असा दर्जा ठरतो आणि त्याप्रमाणे सरकारी अनुदान येतं. त्याच अनुदानातून पुस्तकं, वीजबिल आणि ग्रंथपालाचा पगार. २०२२ च्या नोव्हेंबरात राज्य मंत्रिमंडळानं या अनुदानात ६० टक्के वाढ मंजूर केली, त्याआधी निवेदनांच्या फायलीच्या फायली भरल्या होत्या. त्या लिहिणारे जिल्हा ग्रंथालय संघांचे कार्यवाह बहुतेक स्वतःही कुठल्या तरी वाचनालयात काम करणारे. वाचनालय बंद झालं की ते निवेदन लिहायला बसतात. वेतनश्रेणीचा ठराव त्यांच्या अधिवेशनांत अजूनही दरवर्षी मांडला जातो.